जुन्या पिकअपचा एक्झॉस्ट लीक : गाडीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये अंबडच्या बाजूला माझं छोटं गॅरेज आहे. येतात त्या बहुतेक दहा-पंधरा वर्षं घासलेल्या पिकअप. बोलेरो पिकअप, टाटा २०७, झेनॉन, दोस्त. कुणी पिंपळगावहून टोमॅटो वाहतं, कुणी निफाड-दिंडोरीची द्राक्षं, कुणी रात्री भाजीपाला भरून कसारा उतरून वाशी मार्केट गाठतं. या गाड्यांचा एक्झॉस्ट, म्हणजे इंजिनाचा धूर मागे नेणारी पाइपांची रांग, कुठं ना कुठं फुटलेला असतोच आणि मालक येतो तो बहुधा आवाजाला कंटाळून. आवाज ही त्यातली सगळ्यात कमी महत्त्वाची गोष्ट आहे. लीक कुठं आहे आणि तिथला धूर कुठं जातो, हे दोन प्रश्न आधी सुटले पाहिजेत. रोज जे विचारलं जातं, त्याची उत्तरं इथं एकत्र लिहिली आहेत.

जुन्या गाडीचा आवाज मोठाच असतो. मग लीक आहे हे कसं ओळखायचं?

सकाळी गार इंजिनावर ऐका. निफाडकडच्या थंडीत पहाटे गाडी चालू केली की बॉनेटखालून टिक-टिक-टिक असा कोरडा आवाज येतो आणि दहा-पंधरा मिनिटांत इंजिन तापलं की तो कमी होतो किंवा पूर्ण बंद पडतो. हे मॅनिफोल्डचं (इंजिनाला लागून असलेला, धूर गोळा करणारा पहिला तुकडा) गॅसकेट (जोड बंद ठेवणारी पातळ पट्टी) गेल्याचं किंवा मॅनिफोल्डला बारीक तडा असल्याचं लक्षण. लोखंड तापून फुगतं, फट बुजते आणि मालकाला वाटतं गाडी आपोआप बरी झाली. ती बरी झालेली नसते. लोड घेऊन चढाला लागली की दाब वाढतो आणि तीच फट पुन्हा उघडते.

आवाज फटफट, जाड आणि सीटखालून येत असेल तर लीक पुढच्या पाइपात किंवा जाळीच्या पाइपात (मधला लवचीक तुकडा) समजा. मागून भसाभसा येत असेल तर सायलेन्सरचा डबा नाहीतर शेपटीचा पाइप.

हा आवाज एक्झॉस्टचाच आहे हे कशावरून? इंजिनाचं काम तर निघणार नाही ना?

प्रश्न अगदी योग्य आहे, कारण इथं भल्याभल्यांची गल्लत होते. डिझेल इंजिनात इंजेक्टरच्या (डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) बुडाशी तांब्याचा वॉशर असतो. तो गेला की जळता गॅस इंजेक्टरच्या बाजूने वर येतो आणि हुबेहूब एक्झॉस्ट लीकसारखा छफ-छफ आवाज करतो. ओळखायची खूण अशी : इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा, चिकट, कडक थर जमलेला दिसतो. एक्झॉस्टची काजळी मात्र कोरडी असते, बोट लावलं की पावडरसारखी निघते.

दुसरी गल्लत टर्बोच्या (इंजिनात जास्त हवा भरणाऱ्या पंख्याच्या) हवेच्या रबरी होजची. ती फाटली की शिट्टीसारखा आवाज येतो, तोही फक्त ॲक्सिलेटर दाबल्यावर. गाडी ओढत नाही, काळा धूर टाकते आणि होजच्या तोंडाशी तेलाचा ओलावा दिसतो. म्हणून काजळी कोरडी, ओली की चिकट, एवढं बघितल्याशिवाय एकही नट सोडू नका. वॉशरचं काम असताना मॅनिफोल्ड उतरवला तर मजुरी वाया जाते आणि जुने स्टड (इंजिनात रुतलेले, नट बसायचे आट्याचे दांडे) तुटायचा धोका फुकट पदरात पडतो.

नेमकी जागा कशी शोधायची?

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकांना मागून-पुढून ठोकळे. खाली शिरायचं असेल तर नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका, स्टँड किंवा जाड लाकडी ठोकळे लावाच. काम उघड्यावर करा. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून लीक शोधणं म्हणजे तो धूर स्वतःच्या छातीत भरणं.

आधी इंजिन बंद आणि गार असताना डोळ्यांनी बघा. गॅसकेटच्या कडेला, फ्लेंजच्या (पाइपाच्या टोकाला बोल्ट लावायची चकती) जोडावर, वेल्डिंगच्या रेषेवर काळी पिसाऱ्यासारखी खूण असेल तर निम्मं काम झालं. मग एकाने इंजिन चालू करायचं आणि दुसऱ्याने जाड ओल्या कापडाची घडी शेपटीच्या पाइपावर दोन-तीन सेकंद दाबायची. आत दाब वाढतो आणि फट फुसफुसायला लागते. हात लीकजवळ न्या, पण लोखंडाला लावू नका. लोडवर डिझेलचा एक्झॉस्ट गॅस ५०० अंश सेल्सिअसच्या वर सहज जातो आणि इंजिन बंद केल्यावरही मॅनिफोल्ड बराच वेळ भाजण्याइतका तापलेला राहतो.

याहून खात्रीची पद्धत साबणाच्या पाण्याची. इंजिन बंद आणि पूर्ण गार. शेपटीच्या पाइपात ब्लोअर लावा, कडेने कापड कोंबा आणि हलका दाब येऊ द्या. शाम्पूचं पाणी बाटलीने सगळ्या जोडांवर मारा. लीक असेल तिथं बुडबुडे येतात. एक विनंती : यासाठी द्राक्षाच्या फवारणीचा पंप वापरू नका. त्यात औषधाचा अंश राहतो आणि पुढं लोखंड तापलं की त्याची वाफ तुमच्याच नाकात जाते.

केबिनमध्ये धुराचा वास येतो. सीझन संपेपर्यंत चालवली तर चालेल का?

नाही. या एका प्रश्नाला मी कधीच 'बघू' म्हणत नाही.

एक्झॉस्टमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, त्यामुळे माणूस श्वास घेत असतो पण अंगाला प्राणवायू पोचत नाही. डिझेल इंजिनातून तो पेट्रोलपेक्षा कमी निघतो हे खरं, पण बंद केबिनमध्ये रात्रभर थोडा थोडा मिसळत राहिला तर तेवढा पुरतो. शिवाय डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केलेलं आहे. तुम्हाला जो वास येतो तो धुरातल्या इतर वायूंचा. वास येतोय म्हणजे बिनवासाचा वायूही सोबत आलाय, असं धरून चालायचं.

काही वर्षांपूर्वी मी एका पिकअपचा पुढचा पाइप जोडून दिला. जोड चांगला झाला. पण गिअरच्या दांड्याखालचं रबर फाटलेलं होतं आणि मागच्या जोडात अजून एक बारीक लीक होता, तो मी तपासला नाही. गाडी रात्री वाशीला गेली. सकाळी ड्रायव्हरचा फोन आला : डोकं ठणकतंय, पोटात मळमळतंय आणि शेजारी झोपलेला क्लीनर उठवला तरी गुंगीतच. दोघांना मोकळ्या हवेत बसवलं, मग दवाखान्यात नेलं, दोघे बरे झाले. त्या दिवसापासून माझ्या गॅरेजातून एकही गाडी केबिनचा तळ तपासल्याशिवाय बाहेर जात नाही.

गिअर बूट, क्लचच्या केबलचं रबर, वायरिंग जातं ती भोकं, मागच्या काचेचं रबर, हे सगळं बघा. चालत्या गाडीत केबिनच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि गाडीखालचा धूर तिथं ओढला जातो. त्यामुळे मागची काच उघडी ठेवल्याने हवा खेळत नाही, उलट धूर आत येतो. डोकं दुखणं, चक्कर, मळमळ, अनावर झोप, यातलं काहीही जाणवलं तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, खाली उतरून मोकळ्या हवेत बसा. कुणी गुंगीत असेल तर १०८ ला फोन करा. आणि थंडी असो की उकाडा, इंजिन चालू ठेवून केबिनमध्ये झोपायचं नाही.

द्राक्षतोडणीच्या दिवसांत मागे ताडपत्रीखाली मजूर बसवून नेतात. मालवाहू गाडीत माणसं बसवणं मुळातच बेकायदा आणि जिवावरचं आहे. त्यात सायलेन्सर हौद्याखालीच संपत असेल तर सगळा धूर त्या ताडपत्रीत साठतो. त्या बायाबापड्यांना कुणी सांगत नाही, म्हणून मी मालकाला सांगतो.

गाडी चढाला ओढत नाही आणि काळा धूर टाकते. याचा लीकशी संबंध आहे का?

टर्बो असेल आणि लीक टर्बोच्या आधी असेल तर नक्की आहे. टर्बो फिरतो तो एक्झॉस्टच्या जोरावर. तो जोर मॅनिफोल्डच्या फटीतून निसटला की टर्बो पुरेशी हवा भरत नाही, डिझेल मात्र पडत राहतं आणि न जळलेलं इंधन काळ्या धुरातून बाहेर जातं. ॲव्हरेज पडतं, कसाऱ्याला दुसरा गिअर सुटत नाही. अशा वेळी डिझेल पंप उघडायची घाई करू नका. लीक टर्बोच्या मागे असेल तर ताकदीवर फारसा फरक पडत नाही, त्रास होतो तो आवाजाचा आणि धुराचा.

दरवर्षी त्याच जागी फुटतं. वेल्डिंगवाला कच्चं काम करतो का?

बहुतेक वेळा वेल्डिंगवाल्याचा दोष नसतो. पाइप जिथं फुटतो तिथं कारण क्वचितच असतं, कारण असतं दोन फूट पुढं किंवा मागं.

इंजिन रबराच्या माउंटिंगवर डोलतं आणि सायलेन्सर रबराच्या हँगरवर झुलतो. या दोघांमध्ये जो पाइप आहे, तो दोघांचं हलणं सोसतो. माउंटिंगचं रबर बसलं की ॲक्सिलेटर दाबल्यावर इंजिन एका अंगाला कलंडतं आणि पाइपाला दर वेळी पीळ बसतो. बॉनेट उघडून एकाला रेस द्यायला सांगा. इंजिन झटक्याने उचललं गेलं तर तुमचा पैसा माउंटिंगवर जायला हवा, पाइपावर नाही.

हँगरचं रबर तुटलं की लोक तार बांधतात. पिकअपवाल्यांची ही सवय मला खरंच दुखते, कारण दहा मिनिटांचं काम पुढं पूर्ण पाइपाला भोवतं. तार ताणली जात नाही. शेताच्या कच्च्या रस्त्यावर दोन टन माल घेऊन गाडी आदळली की तो सगळा हिसका जवळच्या वेल्डिंगच्या कडेला बसतो, आणि वेल्डिंगची कड हीच पाइपाची सगळ्यात कडक, ठिसूळ जागा. तिथंच तडा जातो. तुम्ही पुन्हा वेल्ड करता, पुन्हा तार बांधता, आणि पुढच्या सीझनला पुन्हा माझ्याकडे येता.

तिसरं कारण खास पिकअपचं. मोकळी गाडी लिफ्टवर असते तेव्हा शेपटीचा पाइप आणि मागचा ॲक्सल यांच्यात चांगली जागा दिसते. माल भरला की हौदा खाली बसतो, ॲक्सल वर येतो आणि पाइपाला ठोकर मारतो. पाइपाच्या खालच्या अंगाला चकाकणारी घासट दिसली तर हेच घडतंय. पाइपाचा बाक बदलल्याशिवाय कोणतंही वेल्डिंग टिकणार नाही.

सायलेन्सर पेस्ट किंवा पट्टी लावून काम भागेल का?

इगतपुरीच्या पुढं रात्री पाइप सुटला आणि माल मार्केटला पोचवायचाय, तेवढ्यापुरतं भागेल. थंड पाइप तारेच्या ब्रशने घासा, पेस्ट लावा, वरून पट्टी किंवा पत्र्याचा तुकडा क्लॅम्पने आवळा. मॅनिफोल्डवर आणि जाळीच्या पाइपावर पेस्ट लावू नका. मॅनिफोल्डवर ती उष्णतेने तडकते आणि जाळी हलते म्हणून तिथं ती धरतच नाही. केबिनखाली लीक असेल तर पेस्टवर विसंबून रात्रीचा प्रवास करू नका.

मॅनिफोल्डचं गॅसकेट मी स्वतः बदलू शकतो का?

हात पान्यांना सरावलेला असेल आणि घाई नसेल तर हो. घाई असेल तर सरळ गॅरेजला या, कारण इथला सगळा खर्च घाईतून निघतो. गॅसकेट स्वस्त असतं, महाग पडतो तो तुटलेला स्टड.

आदल्या दिवशी संध्याकाळी गार इंजिनावर सगळ्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारा, रात्रभर मुरू द्या, सकाळी पुन्हा मारा. बॅटरीची अर्थ सोडा. डबल पाना नको, सहा कोनी सॉकेट घ्या, कारण गंजलेल्या नटाचे कोपरे गोल झाले की पुढं सगळंच अवघड. नट सुटताना करकरला तर जोर लावू नका. अर्धा आटा उलटा, पाव आटा सुलटा, पुन्हा तेल, असं खेळवत काढा. टर्बोच्या तेलाच्या नळ्या सोडल्या असतील तर तोंडं स्वच्छ कापडाने झाका. तिथं पडलेला वाळूचा एक कण टर्बोचा बेअरिंग खाऊन टाकतो.

मॅनिफोल्ड हातात आला की जुनं गॅसकेट खरवडून काढा, पण ॲल्युमिनियमच्या हेडवर (इंजिनाचा वरचा भाग) छिन्नी चालवू नका. मग मॅनिफोल्डच्या तोंडावर सरळ लोखंडी पट्टी ठेवून खालून उजेड बघा आणि फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घालून बघा. ०.२ मिलिमीटरचं पातं सहज शिरलं तर मी मॅनिफोल्ड फेसिंगला (तोंड मशीनवर सपाट करायला) पाठवतो. सातपूर-अंबडला मशीन शॉपची कमी नाही, तासाभराचं काम आहे. वाकड्या तोंडावर नवीन गॅसकेट बसवलं तर ते दोन महिन्यांत जळतं आणि दोष गॅसकेटच्या कंपनीला जातो.

बसवताना नट नवीन घ्या. स्टडला जास्त उष्णतेत टिकणारं तांब्याचं ग्रीस लावा, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हीच स्वतःला दुवा द्याल. आवळायला मधल्या नटापासून सुरुवात करून दोन्ही कडांकडे जायचं, तेही दोन-तीन टप्प्यांत. टॉर्कचा आकडा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधला घ्या. आठ मिलिमीटरच्या स्टडला तो साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर असतो, म्हणजे लांब दांड्याच्या पान्यावर लटकायची अजिबात गरज नाही.

स्टड तुटला. आता?

थांबा. निम्म्या वेळी खरं नुकसान यानंतरच्या अर्ध्या तासात होतं. स्टडचा तुकडा हेडच्या बाहेर असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्ड करायचा. वेल्डिंगच्या उष्णतेने गंज सुटतो आणि पाना लावताच तो बहुधा निघून येतो. तुकडा आत असेल तर बरोबर मध्यावर पंच मारून, बारीक ड्रिलपासून सुरुवात करून मोठं करत जायचं. ड्रिल एका बाजूला सरकलं की हेडचे आटे गेले. इझी-आउट (तुटलेला स्टड फिरवून काढायचं हत्यार) आत तुटला तर त्याचं पोलाद असं असतं की साधं ड्रिल त्याला खात नाही. हात थरथरत असेल तर हे काम लेथवाल्याकडे द्या, त्यात कमीपणा काही नाही.

मॅनिफोल्डला तडा गेलाय. वेल्डिंग करू की नवीन घेऊ?

मॅनिफोल्ड बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असतो. बीड वेल्ड होतं, पण आधी पूर्ण तुकडा तापवावा लागतो, निकेलचा रॉड लागतो आणि नंतर गरम राखेत किंवा वाळूत सावकाश गार करावा लागतो. हे सगळं नीट करणारे कारागीर थोडे. साधा रॉड मारून दिलेला जोड थंड होतानाच शेजारी तडकतो. म्हणून बाहेरच्या बाजूचा लहान तडा आणि भरवशाचा कारागीर असेल तरच वेल्डिंग, नाहीतर नवीन किंवा तपासलेला जुना मॅनिफोल्ड. जुना घेताना त्याला टांगून हातोडीने हलकं वाजवा. घंटेसारखा खणखणला तर अखंड आहे, बद्द वाजला तर आत तडा आहे.

तडा का जातो हे आपल्याकडे सहज दिसतं. मुंबईहून परतीचा माल घेऊन गाडी कसारा चढते, मॅनिफोल्ड लाल व्हायच्या बेतात असतो आणि वर इगतपुरीला, जिथं वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पाण्याने भरलेल्या खड्ड्यात गाडी जाते. गार पाण्याचा सपकारा तापलेल्या बिडावर. इंजिनाखालचं पत्र्याचं आवरण म्हणूनच असतं. सर्व्हिसिंगला काढलं तर परत बसवून घ्या. मॅनिफोल्डच्या वरचा उष्णतारोधक पत्राही तसाच, खडखडतो म्हणून फेकून देऊ नका.

रस्त्याकडेच्या वेल्डिंगवाल्याकडे नेताना काय सांगायचं?

बॅटरीच्या दोन्ही तारा सोडायला लावा आणि वेल्डिंगची अर्थ पाइपावरच, जोडाच्या जवळ लावायला सांगा. अर्थ चेसीला कुठंतरी लांब लावली तर करंट अल्टरनेटर, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) किंवा बेअरिंगमधून वाट काढू शकतो. कॉमनरेलच्या (कॉम्प्युटरवर डिझेल सोडणाऱ्या) गाडीत हा धोका मोठा आहे. डिझेलच्या नळ्या आणि ब्रेकचे पाइप ओल्या गोणपाटाने झाका, जवळ पाण्याची बादली ठेवा.

पाइप आधी हातोडीने ठोकून बघा. टणक आवाज येतो तिथं धातू जिवंत आहे, बद्द वाजतो तेवढा भाग कापून टाका. गंजून कागद झालेल्या पत्र्यावर वेल्डिंग केलं की भोक मोठंच होतं. नवीन तुकडा मूळच्या व्यासाचाच हवा. आणि पाण्याचा जस्ती पाइप लावू देऊ नका. जस्त जळून जो पांढरा धूर होतो, त्याने वेल्डिंगवाल्याला रात्री थंडी वाजून ताप भरतो. ती कामाची पोरं बोलत नाहीत, आपण त्यांच्यावर ही वेळ आणू नये.

एक बारीक गोष्ट. काही सायलेन्सरच्या डब्याला खाली मुद्दाम ठेवलेलं छोटं भोक असतं. ते लीक नव्हे, पाणी निथळण्याची वाट आहे. एक लिटर डिझेल जळलं की जवळपास लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं आणि गार डब्यात त्याचं पाणी होतं. ते भोक बुजवलं की डबा आतून सडतो.

जाळीचा पाइप महाग आहे. त्या जागी साधा पाइप वेल्ड करून घेतला तर?

नको. इंजिनाचं डोलणं सोसायला तो एकच लवचीक तुकडा आहे. तो गेला की सगळा पीळ मॅनिफोल्डच्या स्टडवर आणि टर्बोच्या फ्लेंजवर येतो. जाळीची लांबी मूळची तीच घ्या आणि बसवताना ती ताणलेली, पिळलेली नको.

सायलेन्सर काढून सरळ पाइप टाकला तर गाडी हलकी चालते म्हणतात. खरं आहे का?

या इंजिनांवर चढाला जाणवेल असा फायदा मी तरी पाहिलेला नाही. दंड मात्र नक्की होतो, आणि रात्री दोनला गल्लीतून माल घेऊन निघणाऱ्या गाडीने आजारी माणसाची, लहान लेकराची झोप मोडते.

लीक असताना पीयूसी आणि पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) होईल का?

डिझेलची पीयूसी धुराच्या काळेपणावर ठरते. बीएस-४ या प्रदूषण मानकाच्या आधीच्या गाड्यांना मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिटची, बीएस-४ ला ५० ची. टर्बोच्या आधी लीक असेल तर धूर काळा होतो आणि आकडा वर जातो. लीक काढला की कित्येक गाड्या पंपाला हात न लावता पास होतात. पीयूसी नसेल तर दंड १०,००० रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

पासिंगचं म्हणाल तर आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला ते दरवर्षी करावं लागतं. पेठ रोडच्या आरटीओत जायच्या आधी दोन गोष्टी स्वतः बघा : शेपटीच्या पाइपाचं तोंड खाली किंवा डाव्या बाजूला वळलेलं नसावं, आणि एक्झॉस्टचा पाइप इंधनाच्या नळीपासून किमान ३५ मिलिमीटर लांब असावा. दोन्ही गोष्टी केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहेत, आणि स्थानिक पाइप वाकवून बसवताना याच दोन गोष्टी चुकतात.

माझी पिकअप सीएनजीवर आहे. यातलं काय वेगळं?

कार्बन मोनॉक्साइडचा धोका डिझेलपेक्षा जास्त धरा, कारण काळा धूर दिसत नाही आणि माणूस गाफील राहतो. दुसरं, या गाड्यांत एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो. त्याच्या आधी फट असेल तर धुराच्या दोन झटक्यांच्या मधे बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं इंधन कमी पडतंय आणि ईसीयू जास्त गॅस सोडतो. ॲव्हरेज पडलं म्हणून सेन्सर बदलण्याआधी साबणाचं पाणी मारून बघा.

खत वाहिल्यावर पाइप लवकर सडतो का?

सडतो. पोटॅशसारख्या खतात क्लोराइड असतं आणि हौद्याच्या फटीतून गळून ते सायलेन्सरवर बसतं. खत उतरवलं की त्याच दिवशी हौदा आणि खालची बाजू साध्या पाण्याने धुवा, सायलेन्सर गार झाल्यावर.

काम झालं. गाडी नेताना काय तपासून घेऊ?

गार इंजिनावर चालू करून ऐका. मग शेपटीवर कापड दाबून पुन्हा ऐका. सगळे क्लॅम्प पुढून मागे या क्रमाने आवळलेत का आणि पाइप कुठंही चेसीला, ब्रेकच्या होजला टेकत नाही ना, ते हाताने हलवून बघा. केबिनचा तळ, गिअर बूट बघा. पाथर्डी फाट्यापर्यंत काचा बंद करून एक फेरी मारा आणि नाकाला काय जाणवतं ते बघा.

आणि पहिला भरलेला माल वाहून आलात की, उतरवायच्या आधी, भरल्या गाडीनिशी पाच मिनिटं गॅरेजला या. तेव्हाच ॲक्सल आणि पाइप यांच्यात खरी किती जागा उरते ते कळतं. इंजिन गार झाल्यावर मॅनिफोल्डचे नट मी एकदा टॉर्कवर पुन्हा तपासतो. त्याचे पैसे घेत नाही.